उपसलेली तार

वेधशाळेतलं जुनं यंत्र संध्याकाळी भंगारात निघणार होतं. थोरल्या बहिणीने अकरा वर्षं रोज स्वतः टिपलेलं तापमान त्याच्या पोटात होतं. ती वारल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. त्या नोंदी वाचवायला धाकटीने लॅपटॉप तारेने जोडला आणि यंत्राला टाइप करून आज्ञा देण्याचा प्रोग्राम, टर्मिनल एम्युलेटर, उघडला.

टाइप केलेलं प्रत्येक अक्षर दोनदा उमटू लागलं.

"यंत्र तुमची री ओढतंय, ताई," दारात खोळंबलेला हमाल म्हणाला.

"सेटिंगचा घोळ आहे, काका. एक अक्षर लॅपटॉप दाखवतो, दुसरं यंत्र परत पाठवतं."

तिने लॅपटॉपचा इको, म्हणजे त्याचं स्वतःहून अक्षर दाखवणं, बंद केला. तरी प्रत्येक अक्षर दोनदाच. वैतागून तिने तारच उपसली. आता एकही अक्षर दिसायला नको होतं. तिने एक कळ दाबून पाहिली. दोन्ही आली, दुसरं जरा रमतगमत, पाण्याच्या तळातून वर यावं तसं.

टेबलावर ऊन पसरलं होतं. तार तिच्या मांडीवर होती. तिने नोंदी मागवण्याची आज्ञा टाइप केली, आणि त्या सावकाश उतरू लागल्या, दिवसामागून दिवस.

अखेर बहिणीच्या शेवटच्या दिवसाची ओळ आली. सगळं हाती लागलं होतं. तिने श्वास सोडला.

त्याखाली पुढच्या दिवसाची तारीख उमटली, आणि तारखेपुढे तापमानाचा आकडा.