जोडलेल्या टाक्या

पाइप एका टोकाला हात भाजेल इतका गरम होता आणि दुसऱ्या टोकाला बर्फासारखा गार. ईश्वरने पुन्हा हात लावून पाहिला. हातभर लांबीच्या पाइपात असं होऊच शकत नव्हतं.

"थर्मोस्टॅटच असेल यार," मागे टॉर्च धरून उभा असलेला चारुदत्त म्हणाला. "नवीन घेऊन येऊ. मी ड्राइव्ह करतो."

थर्मोस्टॅट गेल्या शनिवारीच बदलला होता, तोही चारुदत्तच्या सांगण्यावरून. त्याआधी ईश्वरने गरम पाण्याची टाकी रिकामी करून तळाचा गाळ काढला होता, मीटर लावून हीटर तपासला होता. तरीही खालच्या मजल्यावर अर्ध्या अंघोळीत पाणी गार पडत होतं. बाहेर, अमेरिकेतल्या हर्नडन गावात, जानेवारीचा बर्फ साचला होता.

हे जुनं दुमजली घर दोघांनी मिळून घेतलं होतं. नागपूरचा ईश्वर आणि पुण्याचा चारुदत्त अमेरिकेत एकाच कंपनीत लागले, लग्नं होईपर्यंत एकाच खोलीत राहिले. आता वर चारुदत्त आणि मंजुषा, खाली ईश्वर आणि कांता. डिसेंबरअखेरीपासून वर चारुदत्तची आईही राहायला आली होती. एक जुनी टाकी दोन संसारांना पुरेना, तेव्हा दोघांनी स्वतःच्या हातांनी बेसमेंटमध्ये स्वतःचा हीटर असलेली दुसरी मोठी टाकी बसवली आणि ती पहिलीला जोडली. पहिलीत तापलेलं पाणी दुसरीत जायचं, आणि तिथून दोन्ही मजल्यांना. पहिली गरम धार आली तेव्हा दोघं पोरांसारखे ओरडले होते.

ईश्वरने जोडपाइपावरचा फोम सोलायला घेतला. थंडीसाठी म्हणून तो चारुदत्तने डिसेंबरात गुंडाळला होता.

"ते राहू दे ना," चारुदत्त म्हणाला. टॉर्चचा उजेड हलला.

फोमच्या आत पाइप कापलेला होता. दोन्ही टोकं नीट बंद केली होती. मेन लाइनवरून त्याच फोमच्या आडून एक नवा पाइप थेट मोठ्या टाकीत गेला होता, आणि त्या टाकीतून निघणारा पाइप आता फक्त वर जात होता. खालच्या मजल्याला उरली होती ती जुनी, लहान टाकी.

ईश्वर गुडघ्यांवरच मागे वळला.

"आई येणार होती म्हणून केलं," चारुदत्त हलक्या आवाजात म्हणाला. "तिचं सोवळं असतं. तुम्हा लोकांबरोबर एकाच टाकीतलं पाणी तिला चाललं नसतं. ती परत गेली की जोडणारच होतो. तिच्या वयाकडे बघ यार."

तुम्हा लोकांबरोबर. इतक्या वर्षांत चारुदत्तच्या तोंडून हे शब्द कधी आले नव्हते. ईश्वरची पँट गुडघ्यांपर्यंत भिजली होती. तो गाळ उपसत होता तेव्हाही हाच माणूस टॉर्च धरून शेजारी उभा होता.

"रस्त्यावरून येणारी लाइन एकच आहे, चारू," तो म्हणाला. "ती कशी तोडणार?"

जिना करकरला. चारुदत्तची आई कपड्यांची बास्केट कडेवर घेऊन मधल्या पायरीवर थांबली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ईश्वर उठून उभा राहिला. "काकू, तुमची अडचण होत होती तर मला सरळ सांगायचं. मी समजून घेतलं असतं."

"कसली अडचण?" काकू खाली आल्या. त्या ईश्वरशी बोलत होत्या, पण बघत होत्या मुलाकडे. "वरच्या टबात मला पाय टाकता येत नाही रे. तुम्ही तिघं ऑफिसला गेलात की मी रोज कांताकडेच अंघोळ करते. ती मला स्टुलावर बसवते, नळाला गार पाणी आलं तर पातेल्यात तापवून देते. मंजुषाला वाईट वाटेल म्हणून आम्ही कुणाला बोललो नाही."

चारुदत्तने टॉर्च बंद केला.

काकूंनी बास्केट खाली ठेवली आणि विचारलं, "मग हे पाणी कुणासाठी वेगळं केलंस, चारू?"