परकरवाली

हौसा खो-खोच्या रांगेत उकिडवी बसून पाठीवर थाप पडायची वाट बघत होती. गावातली शाळा सातवीला संपली, म्हणून ती तालुक्याच्या हायस्कुलात आली होती. आज इथला संघ निवडायचा होता. पण पाठलाग करणारी शरयू दर वेळी तिला ओलांडून दुसरीलाच खो देई.

"परकरवालीला उठवलं तर पायात अडकून पडेल," शरयू म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

डाव संपताच हौसाने परकराचा कासोटा खोचला. "बाई, मला हिच्या विरुद्ध पळू द्या की."

मग शिट्टी वाजेपर्यंत ती कुणाच्या हाती लागली नाही. शरयू तर दोनदा तोंडावर आपटली. बाईंनी हौसाला संघात घेतलं.

"संघात आलीस तरी खो नाही द्यायची मी," शरयू धापा टाकत म्हणाली.

"नगं देऊ. आधी पाणी पी."