जर्मनच्या डब्याचं झाकण

प्रकाश साहेबांनी व्हिडिओ गेमचा डबा जयाच्या रिपेरिंगच्या टपरीवर ठेवला आणि तिला ओळखलं नाही.

ओळखणार तरी कसं? गलोंड्याच्या त्यांच्या कारखान्यात जया आणि बाकीच्या बायका भिंतीकडे तोंड करून सोल्डरिंग करायच्या. साहेब मागून फिरायचे. त्यांना पाठी दिसायच्या, आणि स्टुलावर रंगवलेले नंबर. बस.

"बाई, गेम चालू केला की पाऊण तासात तापतो आणि बंद पडतो," साहेब म्हणाले. "परवा सुरतचा व्यापारी येतोय. तो दिवसभर चालवून बघणार. चालला तर मोठी ऑर्डर, नाहीतर जुना मालही परत. तुम्ही दुरुस्त केलेला सेट तापत नाही म्हणे?"

"नाही तापत."

"आमच्या आताच्या बायकांच्या हातात कलाच नाही. हा जुना, परत आलेल्या ढिगातून निवडून आणला. आतलं सोल्डरिंग बघा. एक नंबर!"

जयाने स्क्रू काढले. बोर्डाच्या कोपऱ्यात लाल मार्करने लिहिलं होतं, १४. लाईनवरची प्रत्येक बाई आपल्या बोर्डावर आपला स्टूल नंबर टाकायची. हा आकडा जयाच्याच हातचा होता.

दोन वर्षांपूर्वी याच माणसाने रेग्युलेटरच्या खालची, त्याची उष्णता ओढून घेणारी ॲल्युमिनियमची पट्टी काढून टाकायला लावली होती. नुसतं वजन आहे, म्हणाला. टेस्टिंग झाकण उघडं ठेवून, पंख्याखाली व्हायचं. तिथे सगळे सेट पास. घरी गेले की बायका त्यावर क्रोशाचं कव्हर घालणार, पोरं मे महिन्याच्या सुट्टीत दुपारभर खेळणार. सेट पटापट मरायला लागले. जयाने तोंड उघडलं, "साहेब, पट्टी नाही म्हणून तापतंय." मागून उत्तर आलं, सगळ्यांदेखत: "चौदा नंबर, तुझ्या हाताला घाम येतो. तुझं सोल्डरिंग कच्चं. उद्यापासून येऊ नकोस."

ते एक वाक्य तिच्याआधी सगळीकडे पोचलं. दादऱ्यापर्यंत एकाही कारखान्याने तिला उभं केलं नाही. घामाच्या हाताची बाई. शेवटी अथालच्या रस्त्यावर ही टपरी टाकली. दोन वर्षं ती एकाच गोष्टीची वाट बघत होती, या माणसाने त्याच लाईनीसमोर तोंडघशी पडावं.

आणि आता तो स्वतःच्या पायाने आला होता. वर तिच्याच कामाची तारीफ करत होता.

"उद्या सकाळी घेऊन जा," ती म्हणाली.

संध्याकाळी कोंडाबाई आली. पंधरा नंबरच्या स्टुलावरची. ती अजून लाईनवरच होती. ऐकून तिचे डोळेच चमकले.

"एक वायर ढिली ठेव ना, बाई! व्यापाऱ्यासमोर धूर निघू दे. त्याच्या मिशा जळू दे."

"धूर निघाला तर तो काय म्हणेल?"

काय म्हणेल ते दोघींना पाठ होतं. कुणा तरी बाईच्या हाताला घाम.

जयाने फळीवरून आपला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचाच, डबा काढला. लग्नात मावशीने नाव कोरून दिलेला. याच डब्यातून ती कारखान्यात भाकरी न्यायची.

"आता जेवायला बसतेस का?" कोंडाबाई म्हणाली.

"नाही. साहेबांना वाढते."

पत्रा कापायच्या कात्रीने तिने झाकण कापलं. नवा रेग्युलेटर टाकला आणि झाकणाचा तुकडा वाकवून त्याला घट्ट कसला. मग सेट चालू करून गोधडीत गुंडाळला. दुरुस्त केलेला प्रत्येक सेट ती अशीच तपासायची, तीन तास गोधडीत. ज्याचा गोधडीत जीव घुसमटला नाही तो कव्हरखाली मरत नाही. तीन तासांनी हात लावला. कोमट. स्क्रूवर तिने नेलपॉलिशचे ठिपके दिले.

सकाळी साहेब आले. "काय बदललंत?"

"रेग्युलेटर गेला होता. आता उघडू नका हां साहेब. सील तुटलं तर गॅरंटी नाही."

"मी कशाला उघडतोय," साहेब खूश होऊन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जयाच्या हातून एकही काम धड झालं नाही. कारखाना सुटला तशी कोंडाबाई धावतच आली. धाप लागलेली, पण थांबायला तयार नाही.

"चालला गं! सकाळपासून पाचपर्यंत, कव्हर घालून! साहेब तर नवरदेवासारखे फिरत होते. मग तो सुरतवाला म्हणे, आता हा उघडा, आणि लाईनीवरचा एक ताजा उघडा. मला दोन्ही आतून सारखे दिसले पाहिजेत."

"कुठे उघडला?"

"लाईनवरच! आमच्या पाठीमागे, टेबलावर. ताज्यात पट्टी नाही. आणि तुझ्यात तो तुकडा. व्यापाऱ्याने चष्मा लावला. माल असाच पाहिजे म्हणाला, नाहीतर आधीचा सगळा घरी न्या. साहेबांचं तोंड असं पडलं... आणि मग त्याने तुकड्यावर कोरलेलं नाव वाचलं. मोठ्याने. सौ. जया वळवी. 'आ जया कोण छे?'"

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणे, जया? या नावाचं आमच्याकडे कधी कुणी नव्हतं."

"मग?"

"मग आम्ही बत्तीस जणींनी स्टुलं फिरवली. पहिल्यांदा त्याच्याकडे तोंड केलं. आणि सांगितलं, 'चौदा नंबर, साहेब.'"