झानाची साबणाची वही

"घे! बघ तुझ्या लाडक्या झानाचे उद्योग." ईस्टरला अथेन्सहून आलेल्या आलेकाने वही आईसमोर टेबलावर आपटली. "जादा पांघरूण शोधायला तिच्या खोलीत गेले, तर पलंगाखाली ही सापडली."

झाना वाळलेले कपडे घेऊन दारात आली होती. ती तिथंच खिळली. वही तिचीच होती. अक्षरं तिच्या भाषेतली, अल्बानियातली. पण आकडे कुणालाही वाचता येतात. तेल, पाणी, कॉस्टिक सोडा. आणि पानापानावर एक नाव: मिर्सिनी.

म्हाताऱ्या मिर्सिनीने वही जवळ ओढली. तिने फक्त चष्मा मागितला.

मिर्सिनीसारखा साबण साऱ्या बेटावर कुणाला जमत नव्हता. गावातले लोक डब्यांच्या तळाशी राहिलेलं जुनं ऑलिव्हचं तेल तिच्याकडे आणून टाकायचे आणि वर्षभराचा साबण घेऊन जायचे. एक्याऐंशी वर्षांची बाई, गुडघे गेलेले. पण अंगणात कढई चढली की ताठ उभी राहायची. वजन नाही, माप नाही. नुसता रटरटण्याचा आवाज ऐकून म्हणायची, "पाणी मागतोय." आणि खरंच मागत असायचा. कृती मात्र तिने कधी कुणाला सांगितली नव्हती. पोटच्या आलेकालासुद्धा नाही.

झाना तीन वर्षांपूर्वी ऑलिव्ह वेचायला या गावात आली आणि पुढे मिर्सिनीची देखभाल करायला या घरात राहिली. पहिल्याच आठवड्यात तिने साबणाचा घाणा कढईतून निघताना पाहिला. हातातलं काम विसरून ती बघतच राहिली. एवढी विद्या एक दिवस या बाईबरोबर मातीत जाणार, हा विचार तिला सहन होईना. विचारायची हिंमत नव्हती. लेकीला जे सांगितलं नाही, ते परमुलखातून आलेल्या बाईला कोण सांगेल?

मग तिने मासे तोलायचा एक काटा पैदा केला. घाण्याच्या आदल्या दिवशी ती तेलाचा डबा तोलून ठेवायची, सोड्याची बरणी आणि पाण्याची बादली तोलून ठेवायची. दुसऱ्या दिवशी कढईत काहीही ओतून झालं की मिर्सिनी कमरेवर हात ठेवायची आणि म्हणायची, "मी जरा पडते गं. थकले." ती आत गेली की झाना झटपट उरलेलं तोलायची, वजाबाकी करायची, वहीत मांडायची.

रविवारी सुट्टीच्या दुपारी खोलीमागे चूल पेटवून ती छोट्या पातेल्यात तेच करून बघायची. त्यासाठीचं तेल मिर्सिनीच द्यायची. "हा गाळ टाकून दे जा," म्हणायची. झाना टाकत नव्हती. पहिल्या खेपेला तेल वर तरंगत राहिलं. दुसऱ्या खेपेला साबण झाला, पण हात पोळले. तिसऱ्याचा भुगा. सहावा आठ दिवस झाले तरी लिबलिबीत, आणि का ते काही केल्या कळेना. सगळं तिने लिहून ठेवलं, फजितीसकट. नवव्या खेपेला वड्या पाडताना सुरी अलगद खाली गेली. कड स्वच्छ, पांढरट हिरवी. झाना त्या वड्यांकडे बघून एकटीच हसली होती.

आता ते सगळं टेबलावर उघडं पडलं होतं.

"चोर आहे ही, आई! ईस्टरचा सण आहे म्हणून गप्प बसू नकोस. आजच्या आज घालव हिला."

"चूक माझीच आहे, मावशी," झाना म्हणाली. "वही तुम्ही ठेवून घ्या. मी सामान बांधते."

"उभी राहा तिथंच," मिर्सिनी म्हणाली. तिचं बोट ओळीवरून सरकत होतं. एक पान, दुसरं, तिसरं. सहाव्या खेपेच्या पानापाशी ते थांबलं. "इथं पाणी जास्त मांडलंयस. त्या दिवशी रिकाम्या बादलीचं वजन वजा करायला विसरलीस."

झानाने मान वर केली. बादली तोलली तेव्हा अंगणात कुणीच नव्हतं.

"म्हणजे तुला माहीत होतं?" आलेका ओरडली. "वीस वर्षं मी विचारतेय. मला एक शब्द सांगितला नाहीस. आणि हिला सांगितलंस?"

"हिला तरी कुठं सांगितलं?" मिर्सिनीने चष्मा काढला. "मी लग्न होऊन आले तेव्हा सासूनं मरियामातेच्या तसबिरीवर हात ठेवायला लावला होता. कृती तोंडातून बाहेर काढणार नाही, अशी शपथ. तू यायचीस, विचारायचीस आणि संध्याकाळच्या बोटीनं अथेन्सला परत जायचीस. एका घाण्याला कधी थांबली असतीस, नुसती बघत राहिली असतीस, तर मी काय तुझे डोळे बांधले असते?"

आलेका खुर्ची ओढून बसली.

"मला वाटलं, संपलं. माझ्याबरोबर जाणार हे," म्हातारी म्हणाली. "आणि मग एक दिवस या पोरीनं काटा आणला."

"पण मावशी, तुम्ही तर थकून आत पडायचात," झाना म्हणाली.

"पडते कसली! दाराच्या फटीला डोळा लावून उभी असायचे, मेली काटा सरळ धरते की नाही ते बघत."