आरशासारखी फरशी

"बोला मालक, कोणती टाकू? सिमेंटचा माल कालवून ठेवलाय," न्हाणीघराच्या दारात थापी घेऊन उभा असलेला आश्रुबा मिस्त्री म्हणाला.

अंगणात दोन फरश्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. एक पांढरी, चकचकीत. दुसरी करडी, खरबरीत; अर्पितानं सांगून सांगून नमुन्याला मागवलेली. जुनी शहाबादी उखडून चार दिवस झाले होते. खिडकी गल्लीकडून नको, हे सासऱ्यांनी, किशनरावांनी ठरवलं. नळ कोणत्या भिंतीला, हे तिच्या नवऱ्यानं, महारुद्रनं. गिझर कुठं बसवायचा, हे तर शेजारचे बन्सीधर चहाला आले आणि ठरवून गेले. अर्पितानं दोनच गोष्टी मागितल्या होत्या. पाय सरकणार नाही अशी फरशी, आणि सासूबाईंना उठताना धरायला भिंतीत एक दांडा. दांड्याचं कालच हसण्यावारी गेलं होतं.

"पांढरीच टाक," महारुद्र म्हणाला. "गंगाखेडला दाजीच्या घरी हीच हाय. तोंड दिसतंय हिच्यात."

"न्हाणीत खाली वाकून तोंड कशाला बघायचं?" अर्पिता म्हणाली.

आश्रुबाला हसू आलं. ते त्यानं गिळलं.

"बोअरचं पाणी खारं," बाजेवरून किशनराव म्हणाले. "खरबरीत फरशी महिन्यात पिवळी पडती. मग घासत बसायचं कुणी?"

"घासतात त्याच घासतील, मामा."

बोलता बोलता तिनं वाळूच्या ढिगावरून शालूला खाली उतरवलं. अडीच वर्षांच्या शालूच्या हनुवटीला पट्टी होती. गेल्या शनिवारी आजीच्या पायांवरून ती साबणाच्या अंगानं निसटली आणि तोंडावर आपटली. तीन टाके पडले.

"शहाबादीवर ही गत झाली. या पांढरीवर काय होईल?" चार दिवसांत हे वाक्य ती कितव्यांदा बोलली, तिलाच आठवेना.

"लेकरं पडतेतच," महारुद्र म्हणाला. "ध्यान ठेवावं लागतंय."

अर्पिता सासूबाईंकडे वळली. केवळाबाई उंबऱ्यात बसून तूर निवडत होत्या. "आत्याबाई, तुमी तरी बोला. मागच्या आठवड्यात न्हाणीत उठताना तुमचाही पाय सटकला. मी बघितलंय."

केवळाबाईंनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "मला काय कळतंय बाई त्यातलं. गडीमाणसं ठरवतील तसं."

गडीमाणसं. अर्पितानं अंगणातल्या हौदाकडं पाहिलं. हौदाच्या कठड्यावर साबणाची वडी होती, वर तारेवर दोन पंचे वाळत होते. बापलेक बारा महिने तिथंच, उघड्यावर अंघोळ करत.

"अहो, एक विचारू?" ती म्हणाली. "तुमी आत शेवटची अंघोळ कधी केली?"

"आत?" महारुद्र विचारात पडला. "मागं कावीळ झालती, तवा."

आश्रुबानं तोंड फिरवलं आणि स्वच्छ थापी पुन्हा खरडायला घेतली.

"आमाला काय विचारायलीस," किशनराव बाजेवर उठून बसले. "पाहुणेरावळे येतेत. घराची काही शोभा असती का न्हाई?"

अर्पितानं पांढरी फरशी उचलली, हौदाजवळच्या ओट्यावर आडवी ठेवली. कठड्यावरची वडी ओली करून तिच्यावर घासली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं.

"चपला काढा अन् उभं राहा हिच्यावर."

"काय पोरखेळ लावलाय."

"एकदाच. मग पांढरी टाका. मी एक शब्द बोलणार न्हाई."

"ऱ्हा रे उभा," किशनराव वैतागून म्हणाले. "सुटू दे एकदाचं. माल वाळायलाय तिकडं."

महारुद्र हसत उठला. चपला काढल्या, पायजमा घोट्याच्या वर ओढला. बाप काहीतरी गंमत करतोय असं वाटून शालू धावत आली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. त्यानं तिला उचलून कडेवर घेतलं.

"बघ हं," तो आश्रुबाला म्हणाला आणि त्यानं पाय उचलला.

फरशीवरून साबणाचं पाणी कडेनं ओघळत होतं. पाय तसाच वर राहिला. मग त्यानं शालूला कडेवरून काढलं आणि अर्पिताकडं केलं.

"हिला धर जरा."

अर्पितानं हात पुढं केले नाहीत.

उंबऱ्यात केवळाबाईंचा तूर निवडणारा हात थांबला. एक पाय अधांतरी, दोन्ही हातांत लेक पुढं धरलेली, असा महारुद्र त्या चकचकीत फरशीपुढं उभा राहिला.