डावी बाजू

ती बाजारातून परतली आणि अंगणातली गादी बघून दारातच थबकली. पिंजारी कापूस पिंजायच्या धुनकीची तार सैल करत तिच्या चेहऱ्यावर समाधान शोधत होता.

"फक्त उजवी बाजू पिंजा, डावीला हात लावू नका," असं बजावून ती गेली होती. सातशे रुपये ठरले होते. डाव्या बाजूला नवऱ्याच्या देहाचा खळगा होता. आठ महिन्यांच्या आजारपणात तो खोल होत गेला होता, आणि नवरा गेल्यापासून त्या खळग्यात हात ठेवल्याशिवाय तिला झोप येत नसे.

आता गादी या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखी फुगली होती.

"पैशांपायी अर्धीच सांगितलीत, कळलं मला," पिंजारी हसून म्हणाला. "म्हटलं, ताई एकट्या आहेत, सगळीच करून टाकू. वरचं काही नको."

"नको कसं?" कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली. "दुप्पट राबलेत बिचारे! दे गं त्यांना वरचे पैसे."

जे कायमचं पुसलं गेलं, ते पुसण्याचीच मजुरी तिला द्यायची होती. तिनं चौदाशे रुपये त्याच्या हातात ठेवले. तो संकोचला.

"एवढे? म्हणजे काम मनासारखं झालं ना, ताई?"

त्याच्या भुवयांत जुन्या कापसाचे तंतू अडकले होते. त्यांच्याकडे क्षणभर बघून ती आत निघून गेली.