ॲल्युमिनियम फॉस्फाइड

कडा गावच्या शाळेत नववीला विज्ञान शिकवणाऱ्या वनमाला मॅडमना खुशनुमाचं फार कौतुक होतं. संयुजा बघून रेणुसूत्र लिहिताना बाकीची मुलं अडखळायची, ती मात्र फळ्यावर सरळ लिहून मोकळी व्हायची. "ॲल्युमिनियमची संयुजा तीन, फॉस्फाइडचीबी तीन, म्हणून एकास एक," असं तिनं सांगितलं, तेव्हा मॅडमनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

त्यानंतर ती पंधरा दिवस शाळेत आली नाही. कीड लागू नये म्हणून गव्हाच्या पोत्यांत टाकलेल्या गोळ्यांचा विषारी गॅस घरात कोंडला आणि तिचा चार वर्षांचा भाऊ फैजान गेला.

परत आली त्या दिवशी तिनं गोळ्यांची रिकामी डबी मॅडमसमोर ठेवली आणि बारीक अक्षरांतल्या नावावर बोट टेकवलं.

"मॅडम, आपण फळ्यावर लिहिलं ते हेच हाय का?"

मॅडमनी नाव वाचलं. "हो."

"गोळ्या मीच टाकल्या व्हत्या. अब्बांनीच सांगितलं व्हतं. तुमी तवाच कावून न्हाई सांगितलं, हे काय असतंय ते?"

मॅडमना तिच्याकडे बघवेना. अकरा वर्षं त्या हे सूत्र शिकवत होत्या, आणि ते गव्हात टाकायच्या या गोळ्यांचं आहे हे त्यांनाही आत्ताच कळलं होतं.